हातउसने देताना: आधी चिठ्ठी, मग पैसे

मी सोलापुरात एका टॉवेल कारखान्याचा दिवाणजी. दिवसभर वही लिहितो, म्हणून गल्लीतली आणि नात्यातली माणसं पैशाचं घोंगडं भिजत पडलं की माझ्याकडं येतात. मेहुण्याला दिलेले चाळीस हजार, शेजारच्या अण्णांना दिलेले पंधरा, मैत्रिणीच्या मुलीच्या ॲडमिशनला दिलेले साठ. प्रत्येक वेळी मी पहिल्यांदा एकच विचारतो, "कागद काय आहे?" उत्तरही ठरलेलं, "घरच्या माणसाकडून कागद कसला घ्यायचा?"

बहुतेकांची चूक क्रमात होते. पैसे पहिल्या दिवशी जातात, कधी परत द्यायचे हे पुढच्या महिन्यात निघतं आणि लिहून घ्यायची आठवण भांडण झाल्यावर होते. पुढचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. रक्कम लाखांत असेल, परतफेड वर्षानुवर्षं चालणार असेल किंवा जागा-जमीन मध्ये येत असेल, तर वकिलाकडून रीतसर करार करून घ्या. हा लेख त्याखालच्या, रोजच्या उसनवारीसाठी आहे.

## टप्पा १: फोनवर "हो" म्हणू नका

मागणी बहुधा फोनवर येते आणि घाईत येते. आपण अवघडतो आणि "बघू, करू कायतरी" म्हणून मोकळे होतो. समोरच्याच्या कानाला ते "हो" असं ऐकू जातं. मग नाही म्हटलं तर शब्द फिरवला असं होतं. त्यापेक्षा सरळ सांगा, "रात्री घरात बोलतो, उद्या संध्याकाळी सांगतो." आणि उद्या संध्याकाळी न चुकता सांगा. लटकवत ठेवू नका, त्या माणसाला दुसरी सोय बघायची असते.

त्याच फोनवर चार गोष्टी विचारून घ्या: किती, कशासाठी, परत कधी, आणि परत कुठून. पहिल्या तीन सगळे विचारतात. चौथी कुणी विचारत नाही, आणि खरी माहिती तिथंच असते.

"दाजी, पन्नास पाहिजे होते जरा."
"कशाला रे?"
"आहे एक काम. देतो की पुढच्या महिन्यात."
"पुढच्या महिन्यात कुठून येणारेत?"
"...बघू की कायतरी."

"बघू की कायतरी" याचा अर्थ परतीची सोय अजून झालेली नाही. म्हणून देऊच नये असं मी म्हणत नाही. पण हे पैसे वेळेवर येणार नाहीत हे धरूनच पुढचा टप्पा करा. याउलट कुणी "भिशी मार्चमध्ये माझी आहे" किंवा "ऊस गेलाय, बिल यायचंय" असं सांगितलं, तर ते उत्तर वजनाचं आहे.

कारण दवाखाना किंवा कॉलेजची फी असेल, तर पैसे थेट दवाखान्याच्या किंवा कॉलेजच्या खात्यावर भरायची तयारी दाखवा. ज्याचं काम खरं आहे तो माणूस याला सहसा हरकत घेत नाही. असं दिलं तरी चिठ्ठी मात्र घ्यायचीच.

सावधान: मागणी फक्त मेसेजवर आली असेल, तर त्या माणसाच्या जुन्या नंबरवर स्वतः फोन लावा आणि आवाज ऐका. फोटो आणि नाव चोरून ओळखीच्यांकडून पैसे उकळण्याचा प्रकार आता सर्रास चालतो. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

## टप्पा २: आपला आकडा आपण ठरवा

समोरच्याने मागितलेला आकडा त्याच्या गरजेचा असतो. आपण द्यायचा आकडा आपल्या घराचा असतो. माझा हिशेब असा: परत आलेच नाहीत तर घरात चूल अडणार नाही आणि नवरा-बायकोत वर्षभर कुरबूर होणार नाही, एवढीच रक्कम.

त्यातून या गोष्टी वगळा: घराचा हप्ता, मुलांची जूनमधली फी, औषधपाण्याची शिल्लक. आणि स्वतः कर्ज काढून उसने द्यायचे नाहीत. क्रेडिट कार्डवरून, सोनं गहाण टाकून, पतसंस्थेतून उचलून दुसऱ्याला देणारे लोक मी बघितलेत. पहिला महिना माणुसकीचा जातो, पुढचे महिने व्याजाचे.

घरात बोलल्याशिवाय देऊ नका. चोरून दिलेले पैसे मागतानाही चोरूनच मागावे लागतात, हे लक्षात घ्या.

नाही म्हणायचं असेल, तर खोटं कारण देऊ नका. "पैसे एफडीत अडकलेत" म्हटलं की पलीकडून येतंच, "मोडा की, व्याजाचं नुकसान मी देतो." मग काय बोलणार? "पन्नास जमणार नाही, पंधरा देऊ शकतो" किंवा "या वर्षी जमत नाही" एवढं बोला आणि थांबा. एक कारण सांगितलं की त्यावर तोडगा निघतो, म्हणून कारणांची माळ लावू नका.

"पैसे नकोत, फक्त सही कर" ही मागणी मला पैसे मागण्यापेक्षा जास्त भीतीची वाटते. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहणं म्हणजे साक्षीदार होणं, असं अजूनही कित्येकांना वाटतं. भारतीय करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. कर्जदाराने हप्ते थकवले, तर बँक आधी त्याच्याच मागं लागेल असा भरवसा नाही, ती थेट तुमच्याकडं येऊ शकते. तीच गोष्ट दुसऱ्यासाठी आपल्या नावावर मोबाइल किंवा गाडी हप्त्यावर घेण्याची. हप्ता त्याने चुकवला तरी सिबिल तुमचा खराब होतो. जामीन राहायचंच असेल, तर ती पूर्ण रक्कम आपण दिली असं धरून या टप्प्यातला हिशेब करा. बहुतेक वेळा तिथंच उत्तर मिळतं.

## टप्पा ३: तारीख त्यांच्या आवकीवर बांधा

"दिवाळीनंतर" ही तारीख नव्हे. "हात मोकळा झाला की" ही तर अजिबात नव्हे. दिवस, महिना, वर्ष ठरवा, आणि तो त्या माणसाकडं पैसे येतात त्या दिवसाच्या जवळ ठेवा.

सोलापुरात हे फार महत्त्वाचं, कारण इथं प्रत्येकाची आवक वेगवेगळ्या वेळी होते. यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या हातात पैसा थोडा थोडा येतो. त्याला सहा महिन्यांनी एकरकमी वीस हजार आणायला सांगणं चुकीचं, त्याला आठवड्याला पाचशे जमतात. आमच्या कारखान्यात उचल अशीच फिटते. पगारदाराला महिन्याची पाच ते दहा तारीख. दुकानदाराला लग्नसराईनंतर. ऊसवाल्याला बिलानंतर. ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल द्यावं असा नियम आहे, पण बिल खरंच कधी येतं हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. ऊसवाल्यासाठी नियमाच्या तारखेवर दोन-तीन महिने वाढवूनच धरा.

मोठी रक्कम असेल तर हप्ते पाडा. पहिला हप्ता लवकर ठेवा, छोटा असला तरी चालेल. पहिला हप्ता आला की देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांचाही अवघडलेपणा निम्मा होतो.

तपासून घ्या: आतापर्यंत तुमच्याकडं रक्कम, कारण, परतीची तारीख आणि परतीचा मार्ग अशा चार गोष्टी आल्या का? एखादी राहिली असेल तर चिठ्ठी लिहायला बसू नका.

## टप्पा ४: चिठ्ठी

पाच हजारांच्या आतल्या रकमेला मी चिठ्ठी घेत नाही, मेसेजवर लिहून "हो" घेतो. त्यावर गेलं की कागद. ही मर्यादा माझी, तुमची तुम्ही ठरवा. पण माणूस बघून बदलू नका. साडूकडून घेतली आणि भावाकडून नाही, असं झालं की साडू दुखावतो.

चिठ्ठी मागायची लाज वाटते, हे खरं आहे. मी सांगतो, "अहो, माझ्या वहीला कागद लागतो. उद्या मला काय झालं तर पोरांना कळायला हवं की, कुणाकडून किती यायचेत आणि कुणाकडून काहीच नाही." यातलं दुसरं वाक्य महत्त्वाचं. चिठ्ठी पैसे घेणाऱ्यालाही वाचवते. माझ्या माघारी माझ्या मुलाने त्याच्याकडं जास्तीचे मागायला नकोत.

### काय लिहायचं

साधा कोरा कागद चालतो. घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं सगळ्यात चांगलं. मजकूर असा:

> सोलापूर, दिनांक १२ जानेवारी २०२६.
> मी (घेणाऱ्याचे पूर्ण नाव, वय, पत्ता) आज रोजी (देणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता) यांच्याकडून रु. ४०,०००/- (अक्षरी रुपये चाळीस हजार फक्त) बँक खात्यावर, हातउसने व बिनव्याजी घेतले आहेत. सदर रक्कम आपण मागणी करताच आपणांस किंवा आपल्या हुकुमाप्रमाणे परत देण्याचे वचन देतो.
> सही

कायद्याच्या भाषेत ही वचनचिठ्ठी, म्हणजे प्रॉमिसरी नोट. यात चार ठिकाणी लोक घसरतात.

तिकीट. पोस्टातून एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प आणा आणि सही त्यावरून घ्या. सही अर्धी तिकिटावर आणि अर्धी कागदावर पडली पाहिजे, म्हणजे ते तिकीट काढून दुसरीकडं वापरता येत नाही. तिकीट चिकटवल्यावर दोन मिनिटं थांबा. ओल्या डिंकावर बॉलपेन घसरतं, शाई उमटत नाही आणि "शिंदे"तला "शिं" तेवढा दिसतो. मी माझ्या टेबलावर अशा दोन चिठ्ठ्या फाडून पुन्हा लिहायला लावल्यात. तिकिटाचा कंटाळा करू नका. स्टॅम्प नसलेली वचनचिठ्ठी कोर्टात पुरावा म्हणून घेत नाहीत. इतर कागद नंतर दंड भरून चालवून घेता येतात, वचनचिठ्ठीला ती सवलतही नाही.

"मागणी करताच" हे शब्द. तारीख चिठ्ठीतच का नाही लिहायची? कारण पुढच्या ठरावीक तारखेला देय असलेल्या वचनचिठ्ठीला रकमेच्या प्रमाणात जास्त स्टॅम्प लागतो, एक रुपयाचं तिकीट पुरत नाही. म्हणून चिठ्ठी "मागणी करताच" अशी ठेवा आणि ठरलेल्या तारखा वेगळ्या मेसेजवर पाठवा: "आज ठरल्याप्रमाणे ४०,००० हातउसने. १० एप्रिलपासून दरमहा १०,०००. १० जुलैला पूर्ण. बरोबर?" पलीकडून "हो" आलं की झालं. अंगठा दाखवणाऱ्या चित्रावर समाधान मानू नका, शब्दात उत्तर घ्या.

साक्षीदार. वचनचिठ्ठीला साक्षीदार लागत नाही. उलट साक्षीदाराची सही घेतली आणि "किंवा आपल्या हुकुमाप्रमाणे" हे शब्द राहिले, तर तो कागद कर्जरोखा धरला जाऊ शकतो आणि त्याचा स्टॅम्प निराळा. घरातलं तिसरं माणूस त्या वेळी तिथं बसलेलं असावं, तेवढं पुरे.

भाषा. सही करणाऱ्याला वाचता येते त्याच भाषेत चिठ्ठी हवी. आपल्याकडं पूर्व भागात कित्येक घरांत तेलुगू, अक्कलकोट बाजूला कन्नड. मराठी बोलता येणारा प्रत्येक जण मराठी वाचतोच असं नाही. "काय लिहिलंय मला कळलंच नव्हतं" म्हणायला जागा ठेवू नका. वाचता येत नसेल तर त्याच्याच घरच्या माणसाकडून वाचून घ्या आणि तसं चिठ्ठीत लिहा.

सावधान: कोऱ्या कागदावर सही घेऊ नका, कोरा चेकही घेऊ नका. घेणारे तुम्ही असाल तर असं काही देऊ नका. चेक घ्यायचा तर नाव, रक्कम आणि तारीख भरलेला घ्या. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, त्यामुळं दोन वर्षांपूर्वीची तारीख असलेला चेक कपाटात जपून ठेवण्यात अर्थ नाही.

व्याजाचं थोडक्यात. नात्यात बिनव्याजीच द्या, तसं चिठ्ठीत लिहा. व्याजाने पैसे फिरवण्याचा धंदा करायला महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो. एखाद्या वेळी मित्राला दिलेले पैसे म्हणजे सावकारी नव्हे, पण चार जणांना महिना दोन टक्क्यांनी देऊन बसाल तर तो वेगळा विषय आहे. दागिना ठेवून घेणंही टाळा. ज्याच्याकडं दागिना आहे त्याला बँकेत सोनेतारण मिळतं, त्याला तिथं पाठवा.

## टप्पा ५: पैसे त्याच बैठकीत, खात्यावरूनच

क्रम असा ठेवा. दोघं समोरासमोर बसा, चिठ्ठी लिहून होऊ द्या, तिकिटावर सही होऊ द्या, चिठ्ठी टेबलावरच राहू द्या. मग मोबाइलवरून पैसे पाठवा. त्याच्या फोनवर जमा झाल्याचा मेसेज आला की चिठ्ठी तुमच्याकडं. सर्व्हर अडकला आणि पैसे गेले नाहीत, तर चिठ्ठी तोपर्यंत त्याच्याकडं. न मिळालेल्या पैशाची चिठ्ठी तुम्ही खिशात घालून ठेवणं बरोबर नाही.

व्यवहाराचा क्रमांक चिठ्ठीच्या मागं लिहून ठेवा. पाठवताना शेऱ्यात "हातउसने" लिहा. नुसतंच पाठवलं तर पुढं ते पैसे भेट होते, जुनं देणं होतं की मालाचे होते, यावर वाद घालता येतो.

रोख का नको? आयकराच्या नियमाप्रमाणे २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेता येत नाही, आणि एवढं कर्ज रोखीने फेडताही येत नाही. दंड त्या रकमेइतका होऊ शकतो आणि तो घेणाऱ्याला बसतो. "पंधरा-पंधरा करून दोनदा दे" ही युक्तीही चालत नाही, कारण आधीची बाकी धरून आकडा मोजतात. दोघांचंही उत्पन्न शेतीचं असेल आणि दोघांनाही करपात्र उत्पन्न नसेल, तर रोखीने कर्ज घेण्याच्या नियमातून सूट आहे. पण तुम्ही पगारदार आणि भाऊ शेतकरी असेल तर ती सूट लागू होत नाही. इथं बहुतेक जण गफलत करतात.

तपासून घ्या: त्याच रात्री चिठ्ठीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. एक घरातल्या माणसाला पाठवा, एक घेणाऱ्याला. मूळ चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पाकिटात, दागिन्यांच्या किंवा एफडीच्या कागदांबरोबर ठेवा. आमच्या इथल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात वरच्या खणात ठेवलेल्या तिकिटाचा डिंक सुटतो, खालचा खण बरा.

## टप्पा ६: मधला काळ आणि तीन वर्षांची मुदत

हा टप्पा मी स्वतः चुकलोय, म्हणून जरा लांबवतो.

२०१४ च्या गड्डा यात्रेच्या, म्हणजे आमच्या जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात मावसभाऊ घरी आला. होम मैदानावर पोरांना पाळण्यात बसवून परत येताना त्याने विषय काढला. बोअर मारायची होती, साठ हजार कमी पडत होते. मी दुसऱ्या दिवशी रोख दिले. रोखीचा नियम मोडला, चिठ्ठी घेतली नाही, तारीख ठरवली नाही. दिवाणजी असून! पुढं प्रत्येक गड्ड्याला तो भेटायचा आणि म्हणायचा, "तुझे आहेत लक्षात बरं का." मलाही वाटायचं, त्याच्या लक्षात आहेत म्हणजे झालं. २०१८ मध्ये मुलीच्या फीसाठी मी जोर लावला, तेव्हा तो म्हणाला, "देतो की बे, पळून चाललोय का?" आणि फोन उचलायचा बंद झाला. ओळखीच्या वकिलांना विचारलं तर त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "दिले कधी?" मुदत वर्षभरापूर्वीच संपलेली होती.

मी समजत होतो की तीन वर्षं आपण मागितल्यापासून मोजायची. तसं नाही. मुदत कायद्याप्रमाणे, परतीची तारीख न ठरवता दिलेल्या किंवा "मागणी करताच" द्यायच्या पैशाची तीन वर्षं दिल्या दिवसापासून मोजतात. चिठ्ठी असेल तर चिठ्ठीच्या तारखेपासून. वरच्या उदाहरणात १२ जानेवारी २०२६ ची चिठ्ठी असेल, तर जानेवारी २०२९ च्या आत काहीतरी हालचाल झालीच पाहिजे. तोंडी आठवण, चहा, "लक्षात आहेत बरं का" यातल्या कशानेही मुदत वाढत नाही.

मुदत वाढते ती दोन गोष्टींनी, आणि दोन्ही तीन वर्षं संपण्याआधी व्हायला हव्यात.

एक, घेणाऱ्याने बाकी मान्य केल्याचं लिहून सही करणं. "१२ जानेवारी २०२६ च्या चिठ्ठीपैकी आज रु. २५,००० देणे बाकी आहे, मान्य." खाली सही आणि तारीख. त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने सुरू होतात.

दोन, काही रक्कम परत देणं आणि ती दिल्याचं घेणाऱ्याच्या अक्षरात किंवा सहीने लिहिलेलं असणं. म्हणून हप्ता मोबाइलवर आला तरी पुढच्या भेटीत चिठ्ठीच्या मागं एक ओळ लिहून त्याची सही घ्या: "१० एप्रिल, रु. १०,००० दिले, बाकी ३०,०००." आपण घेतले म्हणून आपली सही करून मोकळे होऊ नका. ती पावती झाली, त्याची कबुली झाली नाही.

मुदत संपून गेलीच असेल, तरी एक वाट उरते. घेणाऱ्याने "जुनं अमुक देणं मी देईन" असं नव्याने लिहून सही केली, तर करार कायद्याप्रमाणे ते वचन लागू होतं. पण ते त्याच्या मनावर आहे. माझ्या मावसभावाचं मन अजून झालेलं नाही.

आठवण कशी करायची? तारखेच्या आठ दिवस आधी एक मेसेज, तारखेला एक फोन. लग्नात, बारशात, चार माणसांत विषय काढायचा नाही. "जरा अडचण आहे म्हणून मागतोय" अशी अजिजीही नको. तारीख ठरलेली आहे, तीच सांगा: "उद्या दहा तारीख, हप्त्याचं बघ बरं." संभाषण मोबाइलमधून पुसू नका. फोन बदलला तर जुना फोन जपून ठेवा. मेसेज पुरावा म्हणून दाखवताना कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

तपासून घ्या: मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये अडीच वर्षांनंतरची एक तारीख आजच टाकून ठेवा: "चिठ्ठी नवी करणे." हे काम एका मिनिटाचं आहे.

## टप्पा ७: तारीख उलटली तर

पहिला महिना प्रत्यक्ष भेटा. फोनवर माणूस तुटक बोलतो, समोर बसल्यावर खरी अडचण सांगतो. अडचण खरी असेल तर हप्ता छोटा करा, तारीख पुढं न्या, पण नवी तारीख लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

दुसऱ्यांदाही चुकली, तर लेखी मागणी करा. साधं पत्र, सभ्य भाषा, रक्कम, तारखा, आलेले हप्ते, बाकी आणि पंधरा दिवसांची मुदत. टपालाने पोचपावतीसह पाठवा. त्यानंतरच वकिलाची नोटीस. वकिलाच्या नोटिशीनंतर नातं पहिल्यासारखं राहत नाही, म्हणून ती आधी काढू नका आणि मुदत संपेपर्यंत टाळूही नका.

कोर्टाआधी एक वाट आहे, ती लोक विसरतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज केला तर दाव्याआधीच लोकअदालतीत तडजोड होऊ शकते, आणि त्याला कोर्ट फी लागत नाही. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथं विधी सेवा मोफत मिळते. नात्यातल्या भांडणाला ही जागा मला बरी वाटते, कारण तिथं हप्ते ठरतात. दावाच करावा लागला, तर तिकिटाची चिठ्ठी असल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली संक्षिप्त दावा करता येतो. त्यात समोरच्याला बचावासाठी आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

चेक परत आला असेल तर दिवस मोजा. बँकेकडून चेक न वटल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. ती मिळाल्यापासून त्याला १५ दिवस. तरी पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात तक्रार. यातली एक पायरी चुकली की प्रकरण तिथंच लंगडं होतं. "पुन्हा टाक, या वेळी पास होईल" ऐकत बसण्यातच लोकांचे ३० दिवस जातात.

सावधान: दारात माणसं पाठवणं, कुटुंबाच्या ग्रुपवर नाव घेऊन लिहिणं, त्याच्या कामाच्या ठिकाणी जाऊन आरडाओरडा करणं यातलं काहीही करू नका. तुमचे पैसे खरे असले तरी धमकीची तक्रार तुमच्याच नावावर होते. आणि नुसते उसने पैसे परत न देणं हा दिवाणी मामला आहे, पोलीस चौकीत जाऊन वसुली होत नाही.

घेणारा माणूस गेला, तर देणं त्याने मागं ठेवलेल्या मालमत्तेतून वसूल होतं. वारसांवर ते मिळालेल्या वारशापुरतंच येतं, त्यांच्या स्वतःच्या कमाईवर येत नाही. तेराव्याला विषय काढू नका. पण मुदत बघून महिन्या-दोन महिन्यांत चिठ्ठीची प्रत दाखवा.

सोडून द्यायचं ठरवलं, तर तसं सांगून सोडा. "ते पंधरा राहू दे, पोरीला माझ्याकडून समज." न सांगता सोडलेले पैसे आपण मनात धरून ठेवतो आणि त्याला दरवेळी तोंड चुकवावं लागतं. टिळक चौकात मला बघून रस्ता ओलांडणारा एक माणूस होता. सांगितल्यानंतर तो परत नमस्कार करायला लागला. रक्कम अठराशे रुपये होती.

## टप्पा ८: पैसे फिटले की

शेवटचा हप्ता आला त्याच दिवशी चिठ्ठी परत करा. हे काम देणारे फार लांबवतात. चिठ्ठीवर आडवी रेघ मारा, "पूर्ण फिटले", तारीख आणि या वेळी तुमची सही. तिचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा आणि मूळ चिठ्ठी त्याच्या हातात द्या. ती फाडायची की ठेवायची, त्याचं तो बघेल. त्याचा चेक तुमच्याकडं असेल तर तोही त्याच वेळी द्या. हरवला असेल तर तसं लिहून द्या.

घेणारे तुम्ही असाल, तर शेवटचा हप्ता खात्यावरूनच भरा आणि चिठ्ठी मागून घ्या. "घरात कुठंतरी आहे, बघून देतो" म्हणाले तर निदान "पूर्ण फिटले" असा मेसेज घ्या. मग घरात असतानाच जाऊन या, बाळीवेशीतून जाताना पाव किलो शेंगाचटणी घ्या, आणि ते चिठ्ठी शोधेपर्यंत बसा.